एक क्रिस्टल, सात आयसी: प्रोग्रॅमशिवाय चालणारा फ्रिक्वेन्सी जनरेटर

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या टेबलावर मल्टीमीटरच्या खालोखाल जर कशाची गरज पडत असेल, तर ती खात्रीची फ्रिक्वेन्सी देणाऱ्या डब्याची. सेट बिघडलाय म्हणजे नेमकं काय, हे कळायला एका टोकाने माहितीचा सिग्नल घालावा लागतो आणि दुसऱ्या टोकाला तो कुठपर्यंत पोचतो ते बघावं लागतं. घातलेल्या सिग्नलवरच भरवसा नसेल, तर पुढचं सगळं अंदाजाचं काम होतं. बेळगाव जिल्ह्यातल्या माझ्या खानापूरच्या दुकानात जो डबा रोज वापरात आहे, तो मी इथे पायरीपायरीने सांगणार आहे. २० सेकंदांत एकदा हलणाऱ्या सिग्नलपासून १ मेगाहर्ट्झपर्यंत ठरावीक फ्रिक्वेन्सी तो देतो. सगळ्या एकाच क्रिस्टलमधून, म्हणजे ठरलेल्या वेगाने थरथरणाऱ्या क्वार्ट्झच्या तुकड्यातून निघतात, त्यामुळे सगळ्यांची अचूकता सारखीच.

दुकानात पॉलिटेक्निकची मुलं येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अक्का, अर्डुइनोवर (प्रोग्रॅम लिहून चालवायच्या छोट्या बोर्डावर) दहा ओळीत होतंय की हे. एवढे आयसी कशाला?" होतंय की. पण त्या दहा ओळींच्या आत काय चाललंय ते मुलाला दिसत नाही, आणि बिघडलं तर बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही. या सर्किटमध्ये कुठल्याही पिनवर बोट ठेवा, तिथे किती हर्ट्झ असायला पाहिजेत ते कागदावर भागाकार करून सांगता येतं. आणि तिथपर्यंतची जोडणी बरोबर आहे का, हे साध्या मल्टीमीटरने तपासता येतं. कॉम्प्युटर लागत नाही, केबल लागत नाही, कुणी लिहिलेला प्रोग्रॅम शोधायला लागत नाही. ज्याला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स हाताने समजून घ्यायचंय, त्याने आयुष्यात एकदा तरी हे करावं असं मला मनापासून वाटतं.

५५५ हा टायमरचा आयसी वापरून सोपं झालं नसतं का? एलईडी लुकलुकवायला ५५५ उत्तम. पण त्याची फ्रिक्वेन्सी रेझिस्टर आणि कपॅसिटरवर ठरते. बाजारातला साधा कपॅसिटर छापलेल्या किमतीपेक्षा पाच-दहा टक्के इकडेतिकडे असतो, शिवाय उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात दुसरं. साधा क्रिस्टल दशलक्षात ३० भागांच्या आसपास चुकतो. म्हणजे १ किलोहर्ट्झ मागितले तर फरक ०.०३ हर्ट्झचा. आपण तोही पुढे कमी करणार आहोत.

सामान घेऊ. १६ मेगाहर्ट्झचा एक क्रिस्टल, एक ७४एचसी४०६०, तीन सीडी४५१८, एक सीडी४०१७, एक सीडी४०१३ आणि एक ७४एचसी०४. १२ घरांचे दोन रोटरी स्विच, एक साधा टॉगल स्विच. प्रत्येक आयसीसाठी एक १०४चा सिरॅमिक कपॅसिटर, आयसी बेस, व्हेरो बोर्ड, थोडे रेझिस्टर, ५ ते ३० पिकोफॅरडचा एक ट्रिमर, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारा कपॅसिटर. बेळगावात बरंचसं मिळतं. एखादा आयसी अडला तर पुण्याची बुधवार पेठ किंवा बंगळुरूचा एस. पी. रोड आहेच. इकडच्या माणसाला दोन्ही सारखेच जवळ. क्रिस्टल विकत घ्यायचीही गरज पडत नाही. मेलेल्या बोर्डांवर १६.००० असं छापलेला पत्र्याचा छोटा डबा बऱ्याचदा सापडतो, तो काढून घ्या.

एक गोष्ट आताच पक्की लक्षात ठेवा. पहिला आयसी ७४एचसी४०६०च पाहिजे. दुकानदार "तेच हो, काही फरक नाही" म्हणून सीडी४०६० हातात देईल. पिना सारख्या, काम सारखं, पण ५ व्होल्टवर सीडी४०६०ची खात्री साडेतीन मेगाहर्ट्झपर्यंतचीच असते. १६ मेगाहर्ट्झ त्याला झेपत नाहीत. तो बोर्डवर गप्प बसून राहील आणि तुम्ही क्रिस्टल बदलत बसाल.

सुरुवात क्रिस्टलपासून. ४०६०च्या पोटात ऑसिलेटर आणि १४ पायऱ्यांचा भागाकार दोन्ही आहेत, म्हणून तो मला फार आवडतो. पिन १६ला ५ व्होल्ट, ८ आणि १२ ग्राउंडला. पिन १० आणि ११च्या मध्ये १ मेगओहमचा रेझिस्टर. पिन १०वरून ४७० ओहमचा रेझिस्टर काढा आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला क्रिस्टलचा एक पाय लावा. क्रिस्टलचा दुसरा पाय थेट पिन ११ला. ४७० ओहम आणि क्रिस्टल जिथे भेटतात तिथून २२ पिकोफॅरड ग्राउंडला, आणि पिन ११वरून तो ट्रिमर ग्राउंडला. हा सगळा भाग आयसीच्या अगदी अंगाला चिकटून, तारा आखूड ठेवून जोडा. ब्रेडबोर्डवर हा भाग करू नका. तिथल्या पट्ट्यांची स्वतःची कपॅसिटी मध्ये येते आणि ट्रिमरचं काम बिघडतं.

आमच्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस कसा असतो ते इथल्या लोकांना सांगायला नको. जूनपासून हवेतला ओलावा सगळ्या बोर्डांवर बसतो. सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्स तो ओलावा धरून ठेवतो, आणि पिन ११च्या आजूबाजूला १ मेगओहमला समांतर एक नको असलेली गळती तयार होते. मग उन्हाळ्यात व्यवस्थित चालणारा ऑसिलेटर पावसाळ्यात सुरूच होत नाही. म्हणून जोडणी झाली की आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) ब्रश मारून बोर्ड स्वच्छ धुवा, वाळू द्या आणि क्रिस्टलच्या भागावर वार्निशचा हलका हात फिरवा. ट्रिमरवर मात्र वार्निश जाऊ देऊ नका.

आता या आयसीच्या पिना बघा. पिन ७वर १६ने भागलेली फ्रिक्वेन्सी येते, म्हणजे बरोबर १ मेगाहर्ट्झ. १६चाच क्रिस्टल का घेतला, ते यातच आलं. पिन ५वर त्याचे निम्मे, ५०० किलोहर्ट्झ. पिन ४वर २५०. असं निम्मं निम्मं होत पिन १५वर १,०२४ने भागलेली येते. १ कोटी ६० लाख भागिले १,०२४. करून बघा कागदावर. १५,६२५.

टीव्हीचं काम केलेल्या माणसाला हा आकडा ओळखीचा आहे. आपल्याकडच्या टीव्हीच्या चित्रात ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं, गुणाकार १५,६२५. जुन्या पिक्चर ट्यूबच्या सेटमध्ये आडवी ओळ ओढणारा ऑसिलेटर याच वेगाने चालतो. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलमधून तो आकडा अपूर्णांक न उरता बाहेर पडतो, कारण १५,६२५ म्हणजे ५चा सहावा घात, आणि १ कोटी ६० लाखात दहा वेळा २ आणि सहा वेळा ५ असे अवयव आहेत. दहाही वेळचे २ या आयसीने काढून घेतले की उरतात फक्त ५. मुलांना मी हे पाटीवर लिहून दाखवते. अवयव पाडायचं शाळेतलं गणित कशाला शिकायचं, याचं उत्तर त्यांना पिन १५वर मिळतं.

पुढची पायरी दहा-दहाने भागायची. सीडी४५१८च्या एका आयसीत दहापर्यंत मोजणारे दोन काउंटर असतात. तीन आयसी म्हणजे सहा काउंटर. पिना १, ७, ८, ९ आणि १५ ग्राउंडला, १६ला ५ व्होल्ट. सिग्नल पिन २वर द्यायचा, पिन १वर नाही. पिन २वरून दिला की काउंटर सिग्नल खाली पडताना पुढे सरकतो, आणि साखळी जोडायला तेच पाहिजे. पिन ६वर पहिल्या काउंटरचं उत्तर मिळतं. तिथून तार पिन १०ला. पिन १४वर दुसऱ्याचं उत्तर. तिथून पुढच्या आयसीच्या पिन २ला. ४०६०च्या पिन ७चे १ मेगाहर्ट्झ पहिल्या ४५१८च्या पिन २ला दिले की पुढे ओळीने १०० किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ, १ किलोहर्ट्झ, १०० हर्ट्झ, १० हर्ट्झ आणि १ हर्ट्झ मिळत जातात. शेवटच्या पिन १४वर १ किलोओहम घालून एक एलईडी लावा. सेकंदाला एकदा तो चमकेल. डबा जिवंत आहे की नाही हे लांबूनही कळतं, म्हणून तो एलईडी मी समोरच्या पट्टीवर कायमचा ठेवते.

पहिल्या रोटरी स्विचवर हे सगळे सात सिग्नल आणा: १ मेगाहर्ट्झ आणि पुढचे सहा. आठव्या घरात ४०६०च्या पिन १३ची तार आणा. पिन १३वर ३१,२५० हर्ट्झ आहेत. शेवटी आपण सगळ्याला २ने भागणार आहोत, तेव्हा बाहेर १५,६२५ पडतील. उरलेली घरं मोकळी राहू देत.

निवडलेल्या सिग्नलला आता २ ते १०पैकी कुठल्याही आकड्याने भागायचं आहे. ते काम सीडी४०१७चं. पिन १६ला ५ व्होल्ट, ८ आणि १३ ग्राउंडला, पिन १४वर सिग्नल, पिन ३वर उत्तर. पिन १५ म्हणजे रीसेट. मोजता मोजता जो आकडा आला की परत शून्यावर जायचं, त्या आकड्याची पिन रीसेटला जोडायची, एवढंच याचं तंत्र. २साठी पिन ४, ३साठी ७, ४साठी १०, ५साठी १, ६साठी ५, ७साठी ६, ८साठी ९ आणि ९साठी ११. पिनांचा क्रम वेडावाकडा आहे, तेव्हा दुसऱ्या रोटरी स्विचच्या तारा जोडताना हा क्रम कागदावर लिहून समोर ठेवा. १०ने भागायचं असेल तेव्हा रीसेट ग्राउंडला. पिन १५वरून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर कायम ठेवा. स्विच एका घरातून दुसऱ्या घरात जाताना क्षणभर मध्येच लटकतो, तेव्हा रीसेट मोकळा राहू नये म्हणून. तो रेझिस्टर असल्यामुळे दहाच्या घरात वेगळी तारही लागत नाही, ते घर रिकामं ठेवलं तरी चालतं.

भागायचंच नसेल तर? त्यासाठी टॉगल स्विच. त्याच्या एका बाजूला पहिल्या रोटरीचा सिग्नल थेट, दुसऱ्या बाजूला ४०१७ची पिन ३, आणि मधली पट्टी पुढच्या आयसीला.

पुढचा आयसी सीडी४०१३. आतापर्यंतचे सिग्नल चौकोनी असले तरी वरचा आणि खालचा वेळ सारखा नाही. ४५१८चा सिग्नल दहापैकी दोनच भाग वर असतो. ऑडिओच्या किंवा रेडिओच्या कामाला अर्धा वेळ वर, अर्धा खाली असा सिग्नल पाहिजे, आणि २ने भागलं की तो आपोआप तसा होतो. पिन ३वर सिग्नल, ५ आणि २ एकमेकांना, ४ आणि ६ ग्राउंडला, उत्तर पिन १वर. दुसरा अर्धा भाग आपण वापरत नाही. पण त्याच्या ८, ९, १० आणि ११ या पिना ग्राउंडला नेऊन बांधा. सीमॉसच्या, म्हणजे या सगळ्या आयसींच्या जातीच्या, मोकळ्या इनपुटसारखी त्रासदायक गोष्ट नाही. हात जवळ नेला तरी ती स्वतःशी बडबडायला लागते आणि सप्लाय उगाच खाते.

शेवटी ७४एचसी०४. पिना १, ३, ५ एकत्र करून ४०१३च्या पिन १ला. पिना २, ४, ६ प्रत्येकी १५० ओहममधून एकत्र आणा आणि सॉकेटला द्या. तीन १५० समांतर म्हणजे ५० ओहम. बाहेर चुकून शॉर्ट झालं तरी आयसी काही क्षण तग धरतो. ९, ११, १३ ग्राउंडला. १ मेगाहर्ट्झसाठी वेगळं छोटं सॉकेट काढा, ४०६०च्या पिन ७वरून २२० ओहममधून. तो मुळातच अर्धा-अर्धा आहे.

सप्लाय ५ व्होल्टचा कुठलाही चालेल. मी तीन पेन्सिल सेल वापरते, साडेचार व्होल्टवर हे सगळं व्यवस्थित चालतं. मोबाइलचा चार्जर लावला तरी डबा चालतो, पण स्वस्त चार्जर मीडियम वेव्हवर इतका खरखराट करतो की पुढे जे रेडिओवर ऐकायचंय ते ऐकूच येत नाही. शिवाय सेल असले की लाइट गेली तरी काम थांबत नाही.

आता तपासणी, आणि ती साध्या डीसी व्होल्टच्या रेंजवर. इतक्या वेगाने वर-खाली होणारा सिग्नल मल्टीमीटरला पकडता येत नाही; तो सरासरी दाखवतो. आणि सरासरी म्हणजे सिग्नल किती वेळ वर आहे याचाच हिशेब. सप्लाय ५ व्होल्ट धरून सांगते. ४०६०च्या पिन ७वर अडीच व्होल्ट दिसले, की ऑसिलेटर चालू आहे. शून्य किंवा पूर्ण पाच दिसले, की तो बंद. दुसरीकडे बघण्यात अर्थ नाही. ४५१८च्या पिन ६वर आणि १४वर १ व्होल्ट पाहिजे, कारण तो दहापैकी दोन भाग वर असतो. तिथे २ व्होल्ट दिसले तर तार शेजारच्या पिन ४, ५ किंवा १२, १३वर लागलीय. अडीच दिसले तर पिन ३ किंवा ११वर. म्हणजे तार चुकली एवढंच कळत नाही, कुठे चुकली तेही आकडा सांगतो.

४०१७वर तर हे अजून छान दिसतं. पहिला स्विच १ किलोहर्ट्झवर ठेवा, मीटर पिन ३वर. २ने भागताना अडीच व्होल्ट, ४ने भागताना सव्वा, ५ने भागताना १, १०ने भागताना अर्धा व्होल्ट. ५ व्होल्ट भागिले स्विचवरचा आकडा. दुसरा स्विच एकेक घर फिरवत जा आणि मीटर बघत जा. वेडावाकडा पिनक्रम जोडताना झालेली अदलाबदल इथे ताबडतोब पकडली जाते. ४०१३च्या पिन १वर मात्र काहीही केलं तरी अडीचच. सेलवर चालवत असाल तर आधी सेलचे खरे व्होल्ट मोजा आणि त्याच प्रमाणात धरा. १० हर्ट्झ आणि १ हर्ट्झवर मीटर नुसता नाचतो, तिथे ही युक्ती चालत नाही.

इथपर्यंत आलं की डबा चालतोय. पण १६ मेगाहर्ट्झ म्हणजे खरंच १६ का, हे कुठल्या मापाशी ताडून बघायचं? महागडा काउंटर नाही. त्याची गरजही नाही, कारण आपल्या भागात धारवाड आकाशवाणी आहे. मीडियम वेव्हवर ७६५ किलोहर्ट्झ. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे मीडियम वेव्हच्या केंद्राला ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या १० हर्ट्झच्या आत राहावं लागतं. ७६५ किलोहर्ट्झवर तो फरक दशलक्षात १३. आपल्या क्रिस्टलच्या ३०पेक्षा हे माप सरस आहे, आणि ते फुकट घरात येतं.

चौकोनी सिग्नलमध्ये मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा विषम पटींचे सिग्नलही असतात. ७६५ म्हणजे ५च्या १५३ पट, आणि १५३ विषम. म्हणजे ५ किलोहर्ट्झ सोडले तर त्यांची १५३वी पट बरोबर धारवाडच्या डोक्यावर जाऊन बसते. पहिला रोटरी १० किलोहर्ट्झवर, टॉगल 'थेट'वर. बाहेर ५ किलोहर्ट्झ. सॉकेटवरून ४७ पिकोफॅरड घालून एक हातभर तार काढा आणि मीडियम वेव्हच्या छोट्या ट्रान्झिस्टरला तिचे चार-पाच वेढे द्या. एवढा लहान कपॅसिटर मुद्दाम घेतलाय. खालच्या पटी तो अडवतो, वरच्या पटींना वाट देतो, आणि १५३वी पट मुळात अशक्त असते.

धारवाडचा सिग्नल आपल्याकडे इतका जोरदार येतो की त्याच्यापुढे आपला दबून जातो. त्यावर उपाय रेडिओच्या आतच आहे. फेराइट रॉडचं, म्हणजे रेडिओच्या आतल्या अँटेनाच्या काळ्या दांडीचं टोक ज्या दिशेला असतं तिकडून रेडिओला सगळ्यात कमी ऐकू येतं. बऱ्याच छोट्या सेटमध्ये रॉड वरच्या बाजूला आडवा असतो. खानापुरात असाल तर रेडिओची आखूड बाजू पूर्वेला, कित्तूरच्या अंगाला धरा. बेळगाव, चिकोडी, निपाणीकडच्यांनी आग्नेयेला. फिरवता फिरवता कार्यक्रमाचा आवाज बारीक होतो तिथे थांबा. आता आवाज लाटेसारखा वर-खाली होताना ऐकू येईल. धारवाडची फ्रिक्वेन्सी आणि आपली १५३वी पट यांच्यातला तो फरक. दशलक्षात ३०ची चूक असेल तर सेकंदाला २३ लाटा, म्हणजे नुसती घरघर. प्लॅस्टिकच्या किंवा बांबूच्या तासलेल्या काडीने ट्रिमर अगदी हळू फिरवा. घरघर सुटी सुटी व्हायला लागेल, मग लाटा मोजता येतील, मग एकेक लाट आरामात श्वास घेतल्यासारखी येईल. सेकंदाला एक लाट उरली की तुमचा क्रिस्टल धारवाडशी दशलक्षात सव्वाच्या आसपास जुळला. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने हे करू नका. तो जवळ नेला की फ्रिक्वेन्सी हलते, काढून घेतला की परत हलते.

ट्रिमर पूर्ण फिरवूनही लाटा थांबत नसतील, तर बोट क्रिस्टलच्या जवळ न्या, टेकवू नका. बोटाची कपॅसिटी वाढली की फ्रिक्वेन्सी किंचित उतरते. लाटा मंदावल्या तर तुमची फ्रिक्वेन्सी जास्त आहे. २२ऐवजी २७ किंवा ३३ पिकोफॅरड घाला. लाटा वाढल्या तर कमी आहे, १५ घाला. आणि हे काम दिवसा करा. रात्री त्याच फ्रिक्वेन्सीवरची लांबची केंद्रं आकाशातून परतून येतात आणि त्यांच्या लाटा आपल्या लाटांत मिसळतात.

ज्यांना जुन्या रेडिओंचं काम करायचंय त्यांनी अजून तीन आयसी जोडावेत. मीडियम वेव्हच्या सेटची आयएफ (इंटरमीजिएट फ्रिक्वेन्सी, कुठलंही केंद्र लावलं तरी सेट आत ज्या एका फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) बहुतेक ४५५ किलोहर्ट्झ असते, आणि वरच्या डब्यातून नुसत्या भागाकाराने ४५५ निघत नाहीत. १ किलोहर्ट्झला ४५५ने गुणावं लागतं. गुणायचं काम ७४एचसी४०४६ करतो. त्याचा स्वतःचा ऑसिलेटर असतो. त्याच्या फ्रिक्वेन्सीला ४५५ने भागून आलेलं उत्तर तो आपल्या १ किलोहर्ट्झशी ताडत राहतो आणि दोन्ही जुळेपर्यंत स्वतःला ओढत राहतो.

४५५ने भागायला ७४एचसी४०४०. इथे एक देखणी गोष्ट आहे. ४५५ हा आकडा दोनाच्या पद्धतीत लिहिला की १११०००१११ होतो. तीन एक, तीन शून्यं, तीन एक. तेवढ्या सहा एकांच्या पिना पकडायच्या: ९, ७, ६, ४, १३ आणि १२. प्रत्येक पिनेवर एक १एन४१४८ डायोड, पट्टा असलेलं टोक पिनेकडे. सहाही डायोडांची दुसरी टोकं एकत्र करून रीसेटला, म्हणजे पिन ११ला, आणि तिथून ४.७ किलोओहम ५ व्होल्टला. सहाही पिना वर गेल्या त्याच क्षणी रीसेट वर जातो आणि मोजणी परत शून्यावर. पिन १०वर ४०४६च्या पिन ४चा सिग्नल द्या आणि पिन १२चं उत्तर ४०४६च्या पिन ३ला. १६ला ५ व्होल्ट, ८ ग्राउंडला.

४०४६च्या पिन १४वर आपले १ किलोहर्ट्झ, म्हणजे दुसऱ्या ४५१८ची पिन ६. पिन ५ आणि ८ ग्राउंडला, १६ला ५ व्होल्ट. पिन ११वरून १० किलोओहम ग्राउंडला, १२ मोकळी, ६ आणि ७च्या मध्ये ४७० पिकोफॅरड. पिन १३वरून १०० किलोओहम पिन ९ला. पिन ९वरून १० किलोओहम आणि त्याच्या पुढे १ मायक्रोफॅरड ग्राउंडला. हा कपॅसिटर प्लॅस्टिक फिल्मचा, १०५ छापलेला घ्या. इलेक्ट्रोलिटिकची गळती इथे नडते. पिन ९वरचा व्होल्टेज दीड ते साडेतीनच्या मध्ये शांत राहिला की कुलूप बसलं. तो शून्याला किंवा पाचला टेकला असेल तर ऑसिलेटरचा आवाका ४५५पर्यंत पोचत नाही. पाचला टेकला तर ४७० पिकोफॅरड कमी करा, शून्याला टेकला तर वाढवा. ४०४०च्या पिन १२वर मीटर सुमारे २.१९ व्होल्ट दाखवतो, कारण ४५५पैकी १९९ ठोके ती पिन वर असते.

नुसते ४५५ किलोहर्ट्झ कानाला ऐकू येत नाहीत, त्यावर सूर चढवायला पाहिजे. ७४एचसी००चा एक गेट घ्या. एका इनपुटला ४०४६ची पिन ४, दुसऱ्याला ४०६०ची पिन ३. त्या पिनेवर ९७६ हर्ट्झ आहेत, कानाला स्पष्ट शिट्टी. उरलेल्या तीन गेटांची इनपुटं ग्राउंडला. खात्री करायची तर मीडियम वेव्हचा रेडिओ शेजारी ठेवून १,३६५वर न्या, ४५५ची तिप्पट. शिट्टी तिथे असायला पाहिजे.

आयएफ लावताना १०० पिकोफॅरडमधून तार काढून ती सेटच्या फेराइट रॉडजवळ ठेवा, जोडू नका. सिग्नल जितका बारीक ठेवाल तितकं बरं. सिग्नल जोराचा झाला की सेट आपोआप स्वतःचा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) कमी करतो आणि कॉइल फिरवल्याचा फरक कळेनासा होतो. बहुतेक ट्रान्झिस्टर सेटमध्ये आधी काळ्या कोअरची कॉइल, मग पांढरी, मग पिवळी, प्रत्येक वेळी शिट्टी जास्तीत जास्त होईपर्यंत. परत एकदा त्याच क्रमाने. लाल कोअर ऑसिलेटरची, तिला या कामात हात लावू नका. कोअर ठिसूळ असतात, प्लॅस्टिकची चपटी काडीच वापरा.

थेट वीजवाहिनीवर चालणाऱ्या सेटबद्दल कळकळीने सांगते. व्हॉल्व्हच्या काही सेटमध्ये आणि बऱ्याच टीव्हींत चासीच, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडाच, लाइनशी जोडलेली असते. अशा सेटला हा डबा कधीही थेट जोडू नका. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. तो नसेल तर डबा सेलवर चालवा, तार फक्त जवळ ठेवा, आणि सेट चालू असताना डब्याच्या ग्राउंडची क्लिप चासीला लावायचीच नाही. शिकायला आलेल्या मुलाला मी हे आधी पाठ करायला लावते, मगच टेबलाजवळ बसू देते.

बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्यांनाही याचा उपयोग आहे. प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर (मिनिटाला किती फेरे होतात ते मोजणारा मीटर) बरोबर दाखवतो का, हे बघायला पहिला रोटरी १०० हर्ट्झवर, टॉगल 'थेट'वर ठेवा. बाहेर ५० हर्ट्झ. सॉकेटला २२० ओहममधून एक पांढरा एलईडी लावा आणि टॅकोमीटर त्याच्यासमोर धरा. सेकंदाला ५० म्हणजे मिनिटाला ३,०००. टॅकोमीटरवर तोच आकडा यायला पाहिजे. मग टॉगल फिरवून २ने भागा, १,५००. ४ने भागलं की ७५०, ५ने भागलं की ६००.